ज्ञान, तारण आणि फलाह
मुक्तीच्या तीन कल्पनांचा तुलनात्मक अभ्यास



जुमाची नमाज आटोपल्यावर एक तरुण माझ्याजवळ आला. तो मंचरचा, शिक्षणासाठी जुन्नरला ये-जा करतो. त्याने मोबाइलवरील एक चित्रफीत माझ्यापुढे धरली. इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या गुप्त ग्रंथांत हजरत ईसा (अ.) यांना सुळावर चढविले गेले नाही असे लिहिले आहे, चर्चने हे सत्य शतकानुशतके दडवून ठेवले, आणि आता कुरआनचे म्हणणे सिद्ध झाले, असा तिचा सूर होता. "मौलाना, पुढच्या जुम्याच्या बयानात हे सांगा," असा त्याचा आग्रह होता.

मी लगेच होकार दिला नाही. कारण हाच युक्तिवाद मी स्वतः एकदा केला होता. इमामतीच्या पहिल्याच वर्षी नारायणगाव येथे एका ख्रिस्ती शिक्षकांशी बोलताना मी मोठ्या आत्मविश्वासाने त्या ग्रंथांचा दाखला दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मौलाना, ज्या पुस्तकात हे लिहिले आहे, त्याच पुस्तकात आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याविषयी काय लिहिले आहे, ते आपण वाचले आहे का?" मी वाचले नव्हते. त्या दिवशी मला जी शरम वाटली, तिच्यातूनच पुढचा अभ्यास झाला. त्या अभ्यासाचे सार या लेखात मांडत आहे.

नॉस्टिक कोण होते?

इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया, रोम आणि सीरिया या भागांत काही पंथ उदयास आले. त्यांना एकत्रितपणे नॉस्टिक म्हणतात. 'ग्नोसिस' हा ग्रीक शब्द आणि आपला 'ज्ञान' हा शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. म्हणून नॉस्टिक म्हणजे 'ज्ञानवादी' असे म्हणता येईल. बॅसिलिडीस हा अलेक्झांड्रियात सम्राट हेड्रियनच्या काळात (इ.स. ११७ ते १३८) शिकवीत होता. व्हॅलेन्टायनस तेथूनच इ.स. १४० च्या सुमारास रोमला गेला.

हा काळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. याच शतकांत आपल्या जुन्नरच्या डोंगरांत लेणी खोदली जात होती. नाणेघाटातून उतरणारा माल कल्याण व सोपारा बंदरांतून इजिप्तकडे जात होता. येथील लेण्यांच्या शिलालेखांत 'यवन' दात्यांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. पुढे मराठीत आम्हा मुसलमानांना उद्देशून वापरला गेलेला हा शब्द तेव्हा पश्चिमेकडून आलेल्या ग्रीकांसाठी होता. इ.स. २०० च्या सुमारास नॉस्टिकांशी वाद घालणारा अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पंडित क्लेमेंट आपल्या ग्रंथात बुद्धाचा नामोल्लेख करतो. याचा अर्थ एकाने दुसऱ्याची कल्पना उचलली असा मात्र नाही. काळ एक असणे व रस्ता एक असणे हा उसनवारीचा पुरावा होत नाही. इतकेच म्हणता येते की, मनुष्य बंधनात का आहे व सुटेल कसा, हा प्रश्न त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना विचारला जात होता.

नॉस्टिकांचे स्वतःचे लेखन पुढे बहुतांशी नष्ट झाले. त्यांची ओळख राहिली ती त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. विशेषतः ल्योंचा बिशप आयरिनेयस याने इ.स. १८० च्या सुमारास लिहिलेल्या पाच भागांच्या खंडनग्रंथातून. १९४५ च्या डिसेंबरमध्ये वरच्या इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ मुहम्मद अली नावाच्या एका मुस्लिम शेतकऱ्याला, खतासाठी माती खणताना, मातीचा मोठा रांजण सापडला असे सांगितले जाते. त्यात पपायरसवर लिहिलेल्या, चामड्याच्या वेष्टनातील जुन्या पोथ्या होत्या. अशा तेरा पोथ्यांतील सुमारे पन्नास ग्रंथ आज उपलब्ध आहेत. ते कॉप्टिक भाषेत असून चौथ्या शतकात नकललेले आहेत. चित्रफितीतील 'गुप्त ग्रंथ' ते हेच.

त्यांची मुक्ती : जागे होणे

नॉस्टिक पंथांत आपसांत मतभेद होते. तरी त्यांच्या विचाराचा सामान्य आराखडा असा आहे. परमश्रेष्ठ ईश्वर अज्ञात असून या जगाच्या पलीकडे आहे. हे जग त्याने निर्माण केले नाही. ते एका कनिष्ठ व अज्ञानी शक्तीने घडविले. तिला ते 'कारागीर' म्हणत. मनुष्याचा देह व ही सृष्टी म्हणजे त्या कारागिराने बांधलेला तुरुंग आहे. काही मनुष्यांत मात्र वरच्या जगातील प्रकाशाची ठिणगी अडकून पडली आहे. आपण कोठून आलो याचे विस्मरण, हेच बंधन. वरून एक संदेशवाहक येतो, त्या ठिणगीला तिच्या मूळ घराची आठवण करून देतो, आणि हे ज्ञान होताच ती सुटते.

येथे मुख्य रोग पाप नसून अज्ञान आहे. म्हणून औषध पश्चात्ताप नसून ज्ञान आहे. आणि हे ज्ञान सर्वांसाठी नाही. व्हॅलेन्टायनसच्या अनुयायांनी मनुष्यांचे तीन वर्ग केले होते : आत्मिक, जे स्वभावतःच मुक्तीचे अधिकारी, मधले, ज्यांना श्रद्धा व सदाचाराने काही खालचे स्थान मिळेल, आणि केवळ मातीचे, ज्यांना कोणतीच आशा नाही.

मराठी वाचकाला 'ज्ञानाने मुक्ती' हे शब्द ऐकताच ज्ञानमार्गाची आठवण होईल. परंतु घाईने तुलना करू नये. ज्ञानेश्वरांच्या तत्त्वज्ञानात जग हा चैतन्याचा विलास आहे. नॉस्टिकांसाठी तो एका चुकीचा परिणाम आहे. आपल्याच जुन्नर तालुक्यातील आळे येथे, ज्याच्या मुखातून वेद वदले गेले अशी कथा सांगतात त्या रेड्याची समाधी आहे. ज्ञान ही कोणा एका जातकुळीची मिरास नव्हे, हा त्या कथेचा रोख आहे. नॉस्टिकांचा रोख याच्या उलट आहे.

ख्रिस्ती मुक्ती : तारण

मराठी ख्रिस्ती समाज मुक्तीसाठी 'तारण' हा शब्द वापरतो आणि हजरत ईसा (अ.) यांना 'तारणारा' म्हणतो. मराठीत या शब्दाला दुसराही अर्थ आहे. जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक पतसंस्थेच्या फलकावर 'सोनेतारण' हा शब्द दिसतो. कर्जापोटी ठेवलेली वस्तू म्हणजेही तारण. शब्दांच्या व्युत्पत्तीत न शिरताही, हे दोन अर्थ शेजारी ठेवल्यास ख्रिस्ती कल्पना समजण्यास मदत होते.

ती कल्पना अशी. ईश्वर एक असून त्यानेच हे जग निर्माण केले आणि ते चांगले होते. मनुष्याने आज्ञाभंग केला. हे पाप म्हणजे जणू मनुष्यजातीवर चढलेले ऋण. ते फेडण्यास मनुष्य असमर्थ आहे. तेव्हा ईश्वराने स्वतःच मनुष्यदेह धारण करून, सुळावर मृत्यू पत्करून ते फेडले; तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान झाले; आणि जो त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला कृपेने मुक्ती मिळते. मृत्यूनंतर देहही पुन्हा उठविला जाईल. सुळावरील मृत्यूचा नेमका अर्थ काय, याविषयी ख्रिस्ती पंडितांत वेगवेगळी मते झाली. कोणी त्यास खंडणी म्हटले, तर ॲन्सेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस ईश्वराच्या अवमानित गौरवाची भरपाई म्हटले. परंतु ती घटना प्रत्यक्ष घडली, यावर त्यांचे सर्व बांधकाम उभे आहे.

याचे मराठीतील मोठे उदाहरण म्हणजे 'क्रिस्तपुराण'. गोव्याच्या साष्टी प्रांतात काम करणाऱ्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ओवीछंदात रचलेला हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या निर्मितीपासूनची व प्राचीन प्रेषितांची कथा आहे. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. मराठीच्या पदवी अभ्यासात हे नाव शिकताना मला ही केवळ रचनेची सोय वाटली होती. नंतर कळले की या दोन भागांच्या जोडणीत एक जुना वाद दडलेला आहे. इ.स. १४४ मध्ये रोमच्या चर्चपासून वेगळा झालेला मार्सियन म्हणत असे की सृष्टी निर्माण करणारा ईश्वर वेगळा आणि ईसा (अ.) यांना पाठविणारा ईश्वर वेगळा, म्हणून त्याने जुना करार पूर्णपणे टाकून दिला. चर्चने त्याला नकार दिला. निर्माण करणारा आणि तारणारा ईश्वर एकच आहे, हे तो नकार सांगतो. आणि आपल्या मातीतील ओव्याही तोच क्रम पाळतात.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातीलच आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथील आपल्या कार्याला 'मुक्ती' हेच नाव दिले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या असामान्य विदुषी होत्या. परंतु पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवले की, आरंभी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. धर्माचे ज्ञान झाले होते, विश्वास अद्याप जडला नव्हता. त्यांच्या निष्कर्षाशी आपण सहमत नाही. परंतु ख्रिस्ती दृष्टीने मुक्ती ज्ञानाने होत नाही, एका व्यक्तीवर संपूर्ण भरवसा टाकल्याने होते, हे यातून स्वच्छ दिसते. नॉस्टिक आणि ख्रिस्ती यांच्यातील मूळ अंतर हेच आहे.

सुळाचा प्रश्न आणि उसना पुरावा

आता त्या चित्रफितीकडे वळू. आयरिनेयस सांगतो की, बॅसिलिडीसच्या मते सुळावर सायमन नावाच्या दुसऱ्याच माणसाला चढविले गेले आणि ईसा (अ.) बाजूला उभे राहून हसत होते. नाग हम्मादीच्या पोथ्यांतील 'महान शेथचा दुसरा प्रबंध' या ग्रंथातही असेच वर्णन आहे. येथपर्यंत चित्रफितीने खोटे सांगितले नव्हते.

परंतु त्याच प्रबंधात पुढे काय आहे? हजरत आदम, इब्राहीम, दाऊद, सुलैमान, मूसा (अलैहिमुस्सलाम) यांची एकामागून एक थट्टा केलेली आहे. या सृष्टीचा निर्माता आपल्याशिवाय दुसरा ईश्वर नाही असे सांगतो, तेव्हा ती त्याची अज्ञानी बढाई ठरविली आहे. ज्या वाक्यावर तौहीदची इमारत उभी आहे, त्याच वाक्याला हा ग्रंथ हसतो! असा साक्षीदार आपण आपल्या बाजूने उभा करावा काय?

दोघांच्या 'नाही'चे कारणही वेगळे आहे. नॉस्टिक सुळावरील मृत्यू नाकारतो, कारण देह त्याला तुच्छ वाटतो आणि वरच्या जगातून आलेल्याला खरा देह असूच शकत नाही असे तो मानतो. कुरआन सूरह निसाच्या १५७ व १५८ या आयतींत सांगते की त्यांनी ईसा (अ.) यांना ठार केले नाही व सुळावर चढविले नाही, तर अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. कुरआनमधील ईसा (अ.) मरियम (अ.) यांच्या पोटी जन्मलेले, अन्न खाणारे, देहधारी मनुष्य आणि अल्लाहचे प्रेषित आहेत. एकाच 'नाही'मागे येथे दोन परस्परविरोधी कारणे आहेत.

आपल्या पूर्वसूरींना हे उत्तम ठाऊक होते. बगदादचे ग्रंथसूचीकार इब्न नदीम (ग्रंथकाल इ.स. ९८७) आणि 'अल-मिलल वन्निहल'चे कर्ते शहरस्तानी (मृत्यू इ.स. ११५३) यांनी मार्सियन, इब्न दैसान आणि मानी यांच्या पंथांची नोंद केली आहे. त्यांनी या पंथांना 'सनविया', म्हणजे द्वैतवादी, या वर्गात ठेवले. यांपैकी इब्न दैसान याने भारतातून रोमकडे निघालेल्या वकिलांकडून येथील ब्राह्मण व श्रमणांची माहिती मिळविली होती. वाद जिंकण्यासाठी या पंथांचा आधार घेण्याचा मोह त्या विद्वानांनाही होऊ शकला असता. परंतु त्यांनी प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागी ठेवले. सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आशय असा की, एखाद्या समाजाशी असलेले वैरही तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. ज्यांच्याशी वैर नाही, केवळ मतभेद आहे, त्यांच्याबाबत तर हा आदेश अधिकच लागू होतो.

आणि न्यायाने पाहिल्यास एक गोष्ट मान्य करावी लागते. निर्माता एक आहे, त्याची सृष्टी व्यर्थ नाही, देह तुच्छ नाही, मृत्यूनंतर देह पुन्हा उठविला जाईल, प्रेषितांची परंपरा सत्य आहे : या सर्व प्रश्नांवर आपण नॉस्टिकांच्या नव्हे, ख्रिस्ती समाजाच्या जवळ उभे आहोत.

इस्लामची वाट : फलाह

मग ख्रिस्ती बांधवांशी आपला मतभेद कोठे आहे? तो ऋणाच्या प्रश्नावर आहे. सूरह मुद्दस्सिरच्या ३८ व्या आयतीत सांगितले आहे की प्रत्येक जीव आपल्या कमाईपोटी गहाण आहे. तेथे आलेला 'रहीना' हा शब्द 'रहन' म्हणजे गहाण, तारण, या शब्दाशी संबंधित आहे. अर्थात पतसंस्थेत ठेवलेल्या दागिन्याच्या जागी येथे आपण स्वतः आहोत. दुसरा कोणी आपल्या जागी ठेवता येत नाही. कोणी ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, ही गोष्ट कुरआनने अनेक ठिकाणी सांगितली आहे.

आदम (अ.) यांची चूक झाली, परंतु सूरह बकराच्या ३७ व्या आयतीनुसार त्यांनी अल्लाहकडून शब्द शिकून तौबा केली आणि ती कबूल झाली. ते खाते तेथेच बंद झाले. वारसांवर काही चढले नाही. ख्रिस्ती बांधव म्हणतील की क्षमा फुकट कशी असेल, न्यायाची किंमत कोणीतरी मोजलीच पाहिजे. आपले उत्तर असे की, धनको स्वतः मालक असेल तर तो कर्ज माफ करू शकतो. अडचणीतील कर्जदाराला मुदत द्या आणि माफ केले तर अधिक चांगले, असे जो अल्लाह आपल्याला शिकवितो (सूरह बकरा, २८०), त्याच्या स्वतःच्या माफीला दुसऱ्याच्या रक्ताची अट कशासाठी?

परंतु यावरून आपण आपल्या कर्मांनी जन्नत विकत घेतो असेही समजू नये. बुखारी व मुस्लिम यांतील हदीसचा आशय असा की, कोणालाही केवळ त्याचे कर्म जन्नतमध्ये नेणार नाही, प्रेषित (स.) यांनी स्वतःलाही यातून वगळले नाही, अल्लाहच्या रहमतीने झाकून घेतले तरच.

रहमत आणि कर्म यांचा हा मेळ 'फलाह' या शब्दात सुंदर उतरला आहे. दिवसातून पाच वेळा अजान आपल्याला फलाहकडे, म्हणजे साफल्याकडे, बोलावते. या शब्दाच्या धातूत जमीन चिरणे, नांगरणे हा अर्थ आहे. अरबीत शेतकऱ्याला 'फल्लाह' म्हणतात. आंबेगावच्या सातगाव पठारावरील बटाट्याचा शेतकरी हे भाष्याशिवाय समजेल. तो नांगरतो, बेणे लावतो, मातीने झाकतो. पाऊस त्याच्या हाती नाही. परंतु जो नांगरतच नाही त्याने पावसाची वाट कशाला पाहावी? पिकाचे ज्ञान असणे म्हणजे पीक नव्हे, आणि शेजाऱ्याने नांगरल्याने आपले रान तयार होत नाही.

आपल्या घरातील दोन चुका

हा अभ्यास दुसऱ्यांचे दोष मोजण्यासाठी असता, तर तो येथेच संपला असता. परंतु त्या दोन्ही विचारांच्या सावल्या आपल्या घरातही पडतात.

पहिली सावली ज्ञानाच्या अभिमानाची. आपल्याला आतले रहस्य कळले आहे, आता नमाज-रोजे सामान्यांसाठी, असे म्हणणारे लोक आपल्यातही भेटतात. जुनैद बगदादी (रह.) यांच्यासारख्या थोर सूफींनी मारिफतला कुरआन व सुन्नतच्या चौकटीबाहेर कधीच जाऊ दिले नाही. आणि केवळ ज्ञानाने मुक्ती मिळाली असती तर इब्लीसला सर्वांआधी मिळाली असती. आपला निर्माता कोण हे त्याला पुरते ठाऊक होते. आम्हा मदरशात शिकलेल्यांसाठी तर सूरह जुमाच्या पाचव्या आयतीतील ग्रंथ वाहणाऱ्या गाढवाची उपमा पुरेशी आहे.

दुसरी सावली परक्या तारणावर विसंबण्याची. अमुक घराण्यात जन्मलो, अमुक बुजुर्गांचा हात धरला, आता ते पाहून घेतील. प्रेषित (स.) यांनी आपली लाडकी कन्या फातिमा (रजि.) यांनाही सांगितले की, अल्लाहपुढे मी तुझ्या काही कामी येऊ शकणार नाही. शफाअत सत्य आहे. परंतु ती अल्लाहच्या परवानगीने आहे, आपल्या गृहीतावर नाही. सूरह निसाच्या १२३ व्या आयतीचा आशय याहून स्पष्ट आहे : गोष्ट तुमच्या इच्छेवर नाही आणि ग्रंथधारकांच्या इच्छेवरही नाही; जो दुष्कृत्य करील त्याला त्याचे फळ मिळेल.

आणि माणसांचे ऋण तर त्याहून कठीण. सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये त्या दिवाळखोराचे वर्णन आहे, जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्ये त्या हक्कदारांत वाटली जातील, आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्यावर लादली जातील. आपल्या दोन्ही तालुक्यांत बागायती जमिनीला मोल आले आहे. बहिणीला साडी-चोळी देऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि कुरआनने ठरविलेला तिचा हिस्सा गिळायचा, हे आपल्या घरांत घडते. तेथे कोणतेही गूढ ज्ञान आणि कोणाचेही तारण उपयोगी पडणार नाही. ते ऋण हिस्सा परत करूनच फिटते.

मी त्या तरुणासमवेत हा विषय तीन बैठकांत वाचला. शेवटच्या दिवशी त्याने विचारले, "मग बयानात काय सांगणार?" मी म्हटले, हक्कसोडपत्राविषयी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या फुफीचीसुद्धा सही घेतली आहे, मौलाना. अब्बांशी मी कसे बोलू?" त्यावर आम्ही पुष्कळ वेळ बोलत बसलो.

नारायणगावच्या त्या शिक्षकांना मी पुन्हा भेटलो आणि ते ग्रंथ न वाचताच बोललो होतो हे कबूल केले. सुळाविषयीचा आमचा मतभेद तसाच आहे आणि आम्ही दोघेही तो लपवीत नाही.

अल्लाह आपल्याला न्यायाने बोलण्याची, जाणलेल्याप्रमाणे वागण्याची आणि हक्कदारांचे हक्क जिवंतपणी परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.